कोरडं बाळुतं

सुलतानाला मुलगा झाला तेव्हा त्याला गुंडाळायला घरात एक धड फडकं नव्हतं. सुईणीनं नाळ कापली, पोराला हातावर उताणं धरलं आणि विचारलं, "बाळुती कुटं हायेत?" सासूनं सुनेकडं बघितलं. सुनेनं डोळे मिटून घेतले.

नूरजहाँला, म्हणजे सुलतानाच्या सासूला, मूल जन्मायच्या आधी त्याची कसलीच तयारी केलेली चालत नसे. रमजानच्या, म्हणजे सुलतानाच्या नवऱ्याच्या, आधी तिची दोन लेकरं गेली होती. दोन्ही वेळेला तिनं हौसेनं झबली शिवून ठेवली होती, आणि दोन्ही वेळेला ती तशीच घडी न मोडता कुणाला तरी देऊन टाकावी लागली होती. म्हणून तिनं सुनेला बजावलं होतं, "हातात सुई धरायची न्हाई. आधी येऊ दे त्याला." सुलतानाला माहेर नव्हतं. आईबाप लहानपणीच गेले, चुलत्यानं वाढवलं, लग्न लावून दिलं आणि तो मोकळा झाला. त्यामुळं पहिलं बाळंतपणही सासरीच, घोटावड्याच्या बाजारगल्लीतल्या दोन खोल्यांत झालं. साल होतं १९७६, आणि पावसानं नुकतीच झड धरली होती.

नूरजहाँनं घाईघाईनं ट्रंक उपसली. वरपासून खालपर्यंत नायलॉनच्या साड्या आणि रमजानचे टेरिलीनचे शर्ट. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या तिनं उन्हाळ्यातच बोहारणीला घालून स्टीलचं पातेलं घेतलं होतं.

"नायलॉन पानी टिपतंय व्हय?" सुईण खेकसली.

तेवढ्यात दाराच्या फटीतून एक हात आत आला. हातात पांढऱ्या मलमलीचा पटका होता. चाँदभाईंचा, सुलतानाच्या सासऱ्यांचा.

"अवं, ईदचा पटका हाय हा," नूरजहाँ म्हणाली.

"ईद वर्सातनं दोनदा येती," बाहेरून आवाज आला. "ह्याला आत्ता पायजे. फाड."

चाँदभाई मणियार. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून चांदे, नांदे, भुकूम असा त्यांचा फेरा असायचा. कुठल्याही घराच्या ओट्यावर ते बसले की बायका हात पुढं करायच्या, आणि कसल्याही राठ हातावर बांगडी अशी चढायची की कातडीला कळायचं नाही. माणूस भारी टापटिपीचा. रोज पांढरा लेंगा, पांढरा सदरा. चिखलातून कोसभर चालून आले तरी लेंग्यावर शिंतोडा नसायचा. पाच वेळची नमाज चुकली नाही, आणि नमाजेच्या आधी कपडा पाक, निर्मळ आहे ना याची खात्री करून घेण्यात त्यांचा नमाजेइतकाच वेळ जायचा.

नातवाचं नाव त्यांनी आपल्या वडिलांचं ठेवलं, जैनुद्दीन. घरात तो जैनू झाला.

बाळुत्यांचा खरा धडा सुलतानाला शेजारच्या तुळजाबाईनं दिला. तुळजाबाई म्हणजे मागच्या कोंडाजी पाटलाची बायको, सहा लेकरांची आई. ती आपली दोन पार विरलेली लुगडी घेऊन आली आणि बाजेच्या कडेला बसून त्यांचे टराटरा तुकडे केले. काठ आधी काढून टाकले. "काठ ठिवू नको पोरी, मांडीला काचतो. अन् शिवण तर मुळीच नको. हात फिरवून बघ, तुझ्या गालाला टोचलं तर त्याला बी टोचंल." मग चौकोनाचा त्रिकोण, त्रिकोणाची वरची बाजू कमरेखाली, टोक पायांमधून वर, आणि दोन्ही कोपऱ्यांची गाठ बाजूला, बेंबीच्या खाली. सुलतानानं पहिल्यांदा बांधलं ते पोरानं एक लाथ झाडल्याबरोबर सुटलं. दुसऱ्यांदा इतकं आवळलं की पोटावर वळ उठला.

"दोन बोटं शिरायला पायजेत आत," तुळजाबाई म्हणाली. "येईल. हाताला सवय व्हती."

चाळीस दिवस बाळंतिणीनं पाण्यात हात घालायचा नाही अशी रीत होती, पण नूरजहाँची बोटं वातानं वाकडी झालेली. तिला पिळता यायचं नाही. पंधरवड्यातच सुलताना मोरीत बसून बाळुती धुवायला लागली. डाग निघेनात म्हणून तिनं धुण्याचा सोडा घातला, तर दुसऱ्या दिवशी जैनूचं ढुंगण लालभडक. पोर ओरडून ओरडून निळं पडलं. तुळजाबाईनं कपाळावर हात मारला. "सोडा? अगं, लेकराची कातडी हाय का घोंगडं? रिठ्याच्या पान्यात टाक अन् शेवटी निस्त्या ऊन पान्यात खंगाळ." सुलताना तेही शिकली.

पण वाळवायचं कसं, हे कुणालाच नीट शिकवता येत नव्हतं. त्या भागात पाऊस एकदा बसला की बसलाच. सूर्य दिसत नाही, भिंती घाम आल्यासारख्या ओल्या, मिठाला पाणी सुटतं, आणि दोरीवर टाकलेलं फडकं दुसऱ्या दिवशी होतं त्यापेक्षा ओलं लागतं. मग घरोघर करतात तेच त्यांनीही केलं. कोंबड्या झाकायचं डालगं धुऊन चुलीपाशी उपडं घातलं, त्याखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली आणि वर बाळुती पसरली. धुरानं ती पिवळी पडत, पण वाळत. एक वाळेपर्यंत पोर दुसरं ओलं करी. तरी त्या पहिल्या महिन्यात सगळं कसंबसं निभत होतं.

चाँदभाई पावसामुळं फेरीला जात नव्हते. ते नातवाला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसत. त्यानं त्यांचा लेंगा भिजवला की नूरजहाँ "अवं, अवं" करीत धावे. ते शांतपणे उठत, लेंगा बदलत, हातपाय, तोंड धुऊन पुन्हा वजू करत आणि नमाजेला उभे राहत. एरवी मोरीतला शिंतोडा उडाला तरी कपाळाला आठी घालणारा तो माणूस नातवाला कधी एका शब्दानं बोलला नाही.

असंच एकदा दुपारच्या नमाजेआधी ते ओट्यावर वजू करायला बसले होते. सुलताना आत बाळुत्यांच्या घड्या घालत होती. लोटा दगडावर आपटल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा चाँदभाई एका अंगावर कलंडले होते आणि लोट्यातलं पाणी त्यांच्या गालाखालून वाहत होतं. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. ते काहीतरी सांगत होते, पण त्याचे शब्द होत नव्हते.

रमजान पुण्यात एका गॅरेजात कामाला होता, आठवड्याला घरी यायचा. निरोप मिळाला तसा तो जीप घेऊन आला आणि बापाला पुण्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. दहाबारा दिवसांनी परत आणलं. उजवं अंग गेलं होतं, तोच बांगड्या चढवणारा हात. वाचाही गेली होती.

"डाक्टर म्हणले आता घरीच ठेवा," रमजाननं आईला सांगितलं. "गिळता येतंय त्यांना. टेकवून बसवायचं अन् चमच्यानं पाणी, पेज पाजायची. ऐकू येतं, कळतंय बी सगळं. फक्त ओल्यात निजू द्यायचं न्हाई. ओल्यात पाठ सडती, जखमा व्हत्यात, मग कायच हातात ऱ्हात न्हाई."

"ओल्यात म्हंजी?" नूरजहाँनं विचारलं.

रमजाननं खाली बघितलं. "त्यांना आवरत न्हाई, अम्मा."

चुलीची खोली तेवढी कोरडी होती, म्हणून चाँदभाईंची बाज तिथंच टाकली. एका बाजूला नायलॉनच्या साडीचा पडदा बांधून त्यांची बाज, दुसऱ्या बाजूला आढ्याला बांधलेली जैनूची झोळी, मधे चूल आणि डालगं. रमजानला रजा नव्हती. तो दुसऱ्या दिवशी गेला.

पहिल्या वेळेला नूरजहाँ नवऱ्याच्या बाजेपाशी फडकं हातात घेऊन नुसती उभी राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांना उघडं बघितलं नव्हतं, असं तिनं नंतर तुळजाबाईला सांगितलं. मग तिनं पडद्याआडून हाक मारली.

"सुलताना, कसं बांधायचं गं हे?"

सुलताना पडद्याच्या अलीकडं, पाठ करून उभी राहिली आणि तिथून सांगत गेली. "त्रिकोण नका करू, अम्मा, पुरायचं न्हाई. लांब घडी करा, चारपदरी. अंगाखालून सरकवा. आता कमरंला नाडी. दोन बोटं शिरायला पायजेत आत."

पडद्यामागं बाज करकरली. नूरजहाँ पदरानं डोळे पुसत बाहेर आली. सुलताना शेगडीत निखारे घालायला वाकली तेव्हा तिनं बघितलं, चाँदभाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं होतं आणि चांगला असलेला डावा हात डोळ्यांवर आडवा धरला होता.

आता घरात दोघांची बाळुती झाली. जैनूला टीचभर पुरायचं, पण चाँदभाईंच्या एका वेळेला जैनूची चार लागत. तुळजाबाईनं आणखी एक लुगडं दिलं, कोंडाजीचं जुनं धोतर दिलं. सुलतानानं गोधडीची खोळ उसवली. नायलॉनची साडीही एकदा लावून बघितली, तिच्यातून सगळं तसंच अंथरुणात उतरलं. ती सकाळी मोरीत बसायची ती दुपारी उठायची. हातांना भेगा पडल्या, रिठ्याचं पाणी त्यात झोंबायचं. धुऊन झालं की डालग्याशी बसायचं, एक उलटायचं, एक काढायचं, पोराला पाजायचं, पुन्हा मोरीत.

श्रावण लागला आणि पावसानं कहर केला. ओढ्याच्या फरशीपुलावरून पाणी गेलं, एसटी बंद झाली. रमजान येऊ शकला नाही. सरपण भिजलं. तुळजाबाईच्या गोवऱ्या होत्या त्या निम्म्या ओल्या, धूर जास्त आणि आच कमी. डालग्यावरची फडकी दमट ती दमटच राहायला लागली. जैनूच्या मांड्यांची कातडी सोलून निघाली. त्याला खोकला झाला. छातीत घरघर वाजायला लागली, आणि दूध ओढता ओढता तो दम लागून थांबायचा.

नूरजहाँ डालग्यावरून जे कोरडं होईल ते आधी उचलायची आणि पडद्यामागं न्यायची.

एका सकाळी डालग्यावर दोनच फडकी वाळली होती. ती दोन्ही नूरजहाँनं उचलली. सुलतानाच्या हातात पोर होतं, खालून उघडं, ओलं, खोकत.

"अम्मा, ती ऱ्हाऊ द्या. बाळाला पायजेत."

"अन् ह्यांची पाठ? डाक्तरनं काय सांगितलंय, इसरलीस?"

"एक तरी द्या. बघा तरी त्याच्याकडं, कसं खोकतंय."

"लेकराला काय कळतंय गं?" नूरजहाँचा आवाज चढला. "ओल्यात रडंल अन् रडून झोपंल. ह्यांना कळतंय! उभ्या जन्मात ह्या मानसानं कपड्याला डाग लागू दिला न्हाई. आता घानीत पडून हायेत, नमाज न्हाई, वजू न्हाई, बोलता येत न्हाई. तेवढं कोरडं बी देऊ नको म्हनतीस?"

सुलताना कितीतरी दिवस नीट झोपली नव्हती. तिच्या तोंडातून निघून गेलं, "अब्बांचं जगून झालंय, अम्मा. ह्याचं अजून सुरू बी न्हाई झालं."

नूरजहाँनं तिच्या थोबाडीत मारली. मग आपणच हादरून मागं सरली आणि फडकी घेऊन पडद्याआड गेली.

सुलतानाला गालाचं काही वाटलं नाही. पडदा सरकला होता, आणि पलीकडून चाँदभाई तिच्याकडं बघत होते. रागानं नव्हे. फेरीवर एखादीचा हात मापायला घ्यायचे तसे, नीट, लक्ष देऊन. मग त्यांची नजर तिच्या हातातल्या पोराकडं गेली आणि तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूरजहाँ पडद्याआडून आली ती जवळजवळ हसत.

"कोरडं हाय," ती म्हणाली. तिच्या हातात कालचं फडकं होतं. "सगळी रात कोरडं. सुलताना, आवरलं बघ त्यांना!"

ते फडकं सुलतानानं जैनूला बांधलं. दुपारचंही तसंच कोरडं निघालं. संध्याकाळी जरासं भिजलं, पण अगदी थोडं. नूरजहाँनं दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले. दोघींचं भांडण जणू झालंच नाही. त्या दिवशी डालग्यावरची सगळी फडकी पोराच्या वाट्याला आली. सुलतानानं त्याच्या मांड्यांना खोबरेल लावलं, कोरड्यात घट्ट गुंडाळलं, आणि किती दिवसांनी जैनू न खोकता झोपला. त्याच्या शेजारी तीही झोपली, दिवसाढवळ्या, मेल्यासारखी.

उठली तेव्हा चुलीवर पेज गार झाली होती. बाजेशेजारी भांडं भरलेलं, चमचा कोरडा.

"अब्बांनी पेज घेतली न्हाई?" तिनं विचारलं.

"भूक न्हाई त्यांना. सकाळी चहा बी तोंडातनं काढून टाकला," नूरजहाँ म्हणाली. "पडून पडून कुठली भूक?"

सुलताना बाजेपाशी गेली. चाँदभाईंचे ओठ सुकून पांढरे पडले होते. ती कितीतरी वेळ तिथं उभी राहिली. तिला कळलं. तिनं भांडं उचललं, चमचा बुडवला. तेवढ्यात झोळीतून जैनूचा आवाज आला, रडण्याचा नव्हे, हुंकाराचा, आणि तिनं चमचा परत भांड्यात ठेवला. घेतील संध्याकाळी, ती मनाशी म्हणाली. भूक लागली की घेतील.

संध्याकाळी तिनं पाजलं नाही, आणि कुणाला काही सांगितलंही नाही.

सकाळी उठल्याउठल्या ती पाणी कोमट करून बाजेपाशी गेली. उशाला गोधडी लावून चाँदभाईंना टेकवलं. त्यांची मान हलकी लागली, गरम लागली.

"अब्बा, पाणी प्या."

त्यांनी ओठ मिटून घेतले. तिनं चमचा लावला, पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. तिनं पुन्हा लावला. त्यांनी डावा हात उचलला, तिचं मनगट धरलं आणि चमचा हळूच बाजूला केला. मग तोच हात झोळीकडं केला.

"त्याला हायेत, अब्बा," सुलताना म्हणाली. "लई हायेत. हे बघा." तिनं डालग्यावरची सगळी फडकी, ओली सुकी, कवटाळून आणली आणि त्यांच्या पायांवर टाकली. "हे बघा ना किती हायेत. तुमाला बी हायेत. चुकलं माझं. मी बोलले ते चुकलं. प्या."

चाँदभाईंनी त्या फडक्यांवर हात फिरवला. एक उचललं, बोटांत चोळून बघितलं. ते ओलं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि डोळे मिटले.

ती धावत नूरजहाँकडं गेली. नूरजहाँ ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"अम्मा, अब्बा पाणी पीत न्हाईत. मुद्दाम पीत न्हाईत. म्हणून कोरडं निघतंय. आवरलंय म्हणून न्हाई."

नूरजहाँनं सूप खाली ठेवलं. "काय बोलतीस?"

"तुमीच बघा त्यांची जीभ. लाकडावानी झालीय. तुमी पाजा, तुमच्या हातचं घेतील."

"तुला बघवत न्हाई," नूरजहाँ म्हणाली. "ते बरं व्हायला लागलेत ते तुला बघवत न्हाई. पाक झालेत ते. अल्लानं त्यांची लाज राखली, अन् तू म्हनतीस उपाशी मरतायत!"

तरी ती उठली. आत जाऊन नवऱ्याच्या उशाशी बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमचा लावला. "माझ्यासाठी घ्या," ती म्हणाली. चाँदभाईंनी तोंड उघडलं. एक चमचा गेला. दुसराही गेला. नूरजहाँनं सुनेकडं बघितलं. बघ, खोटारडे, असं ती नजर म्हणत होती. तिसरा चमचा ओठांवरच राहिला. त्यानंतर तिनं कितीही विनवलं तरी ओठ उघडले नाहीत, आणि थोड्या वेळानं त्यांना ते उघडता येईनासे झाले असावेत.

दुपारपर्यंत ताप चढला. ते डाव्या हातानं हवेत काहीतरी चाचपायला लागले. सुलताना तशीच पावसात मागच्या दारानं पाटलांच्या घरी गेली. कोंडाजी घोंगडी पांघरून पौडाला डॉक्टर आणायला निघाला. ओढ्याचं पाणी कमरेइतकं होतं, पण तो गेला. तुळजाबाई येऊन बसली. तिनं कापसाचा बोळा पाण्यात बुडवून चाँदभाईंच्या ओठांवर पिळला. थेंब आत जायचे आणि कोपऱ्यातून बाहेर यायचे. सुलताना झोळीची दोरी धरून उभी होती. जैनूला कोरडं होतं. तो शांत होता.

डॉक्टर पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानं नाडी बघितली, पापणी वर केली, बोटानं खालचा ओठ ओढून बघितला.

"पाण्याचा थेंब नाही अंगात," तो म्हणाला आणि त्यानं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "पाजत होता ना तुम्ही?"

"पाजत होतो की," नूरजहाँ म्हणाली.

सुलतानानं झोळीला झोका दिला.

रमजानला निरोप पोचेपर्यंत, पाणी ओसरून तो येईपर्यंत मयत ठेवता येणार नव्हतं. गल्लीतल्या चार माणसांनी आणि कोंडाजीनं भर पावसात खड्डा खणला. खड्ड्यात पाणी भरायचं, ते उपसायचं, पुन्हा भरायचं. मयताला अंघोळ घालणारे म्हणाले, पाठीवर एक ओरखडा नाही, एवढे दिवस पडून होते तरी. नूरजहाँनं ते ऐकलं आणि धरून ठेवलं.

रमजान आला तो तिसऱ्या दिवशी. बापाची रिकामी बाज बघून तो लहान पोरासारखा रडला. मग सुलतानाला एकटीला गाठून विचारलं, "डाक्टर असं का म्हणले? पाण्याचं?"

सुलतानानं त्याच्याकडं बघितलं. ती त्याला सगळं सांगणार होती. थोबाडीत बसली ते, आपण काय बोललो ते, आणि तो चमचा परत ठेवला ते. पण रमजानचे डोळे सुजले होते, त्यानं जैनूला छातीशी घट्ट धरलं होतं.

"जात नव्हतं त्यांना," ती म्हणाली.

"दवाखान्यात तर जात व्हतं."

"शेवटी जात नव्हतं."

त्यानं पुन्हा विचारलं नाही.

भादव्यात उघडीप झाली. दोरीवर टाकलेलं फडकं घटकेत वाळायला लागलं. जैनूच्या मांड्यांवर नवी कातडी आली, त्याचं वजन वाढलं, त्याला बघून बायका गाल कुस्करायच्या. चाँदभाईंच्या माळा खुंटीवर तशाच होत्या. गौरीच्या आधी बायका बांगड्या भरायला यायला लागल्या, कारण इतकी वर्षं त्या ह्याच घरच्या बांगड्या भरत होत्या. नूरजहाँच्या बोटांना ते जमेना, म्हणून सुलताना ओट्यावर बसायला लागली. पहिल्या दिवशी तिनं निम्म्या बांगड्या फोडल्या आणि एकीच्या हातातून रक्त काढलं. तरी बायका आल्या.

नूरजहाँ उंबऱ्यात बसायची, नातवाला मांडीवर घेऊन, आणि येईल तिला सांगायची. प्रत्येकीला तेच, त्याच शब्दांत.

"शेवटी शेवटी लई पाक झालं व्हतं त्यांचं. सगळं आवरायला लागलं व्हतं. फडकं जसं बांधलं तसं कोरडं निघायचं. पाठीला एक जखम न्हाई. अल्लानं स्वच्छ नेलं."

भुकूमची एक म्हातारी होती, चाँदभाईंच्या हातच्याच बांगड्या भरणारी. तिनं ते ऐकून हळहळत मान हलवली आणि सुलतानापुढं हात केला.

"असं मरान यायला नशीब लागतं," ती म्हणाली. "व्हय गं पोरी? कोरडं निघायचं?"

सुलतानानं म्हातारीचा हात आपल्या हातात घेतला, बोटं जवळ केली आणि पहिली बांगडी सांध्यावर आणून थांबवली. उंबऱ्यातून नूरजहाँ तिच्याकडं बघत होती. न मिचकावता, उत्तराची वाट बघत.

"व्हय," सुलताना म्हणाली, आणि बांगडी आत सारली.